चार ठिपके, तीन रेघा आणि पेपरचा एक जादा दिवस

डिस्क्रीट मॅथ्सच्या तासाला "ग्राफ" हा शब्द आला की निम्म्या वर्गाला ग्राफ पेपर आठवतो. मलाही आठवला होता. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ग्राफ म्हणजे एक्स अॅक्सिस आणि वाय अॅक्सिस, विषय संपला. माझी रूममेट मराठी माध्यमातली, तिच्या पुस्तकात त्यालाच आलेख म्हणायचे. इथला ग्राफ मात्र वेगळा. काही ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, बस्स. ठिपका वर काढा की खाली, रेघ सरळ असो की वाकडी, कोण कोणाला जोडलंय तेवढंच बघायचं.

यावर्षी सरांनी मला एस. ई.च्या प्रॅक्टिकलसाठी ग्राफ कलरिंगचं एक छोटंसं टूल करायला सांगितलं. पुस्तकं ऑयलर आणि त्याच्या 1736 सालच्या सात पुलांपासून सुरू होतात. मी म्हटलं, आपण केटीपासून सुरू करू, ते सगळ्यांना लगेच कळतं!

समजा क, ख, ग, घ असे चार पेपर आहेत. कोणाची तरी क आणि ख दोन्हींत केटी आहे, म्हणून ते दोन पेपर एका दिवशी ठेवता येत नाहीत, त्यांच्यामध्ये रेघ. तशीच ख-ग आणि ग-घ. पेपर म्हणजे ठिपका, दिवस म्हणजे रंग. रेघेने जोडलेल्या दोघांना एकच रंग चालणार नाही. कमीत कमी किती रंग? सोपं आहे, दोन. क आणि ग सोमवारी, ख आणि घ मंगळवारी.

टूल मी सेजमध्ये केलं. हे गणिताचं मोफत सॉफ्टवेअर विल्यम स्टाइन यांनी 2005 साली सुरू केलं. लॅबच्या मशीनवर इन्स्टॉल करायला पासवर्ड कोण देणार? पण "सेज सेल" ब्राउझरमध्येच चालतो, त्यामुळे ते झंझट मिटलं. फंक्शनच्या डोक्यावर "इंटरॅक्ट" एवढा एक शब्द लिहिला की सेज स्वतःच कंट्रोल बनवतो. दोन आकडे दिले की स्लायडर, यादी दिली की पर्याय, ट्रू-फॉल्स दिलं की चेकबॉक्स. मला तर पहिल्या दिवशी जादूच वाटली.

पहिल्या टूलमध्ये एकच स्लायडर होता. सरकवला की ग्रीडी पद्धतीने एकेक ठिपका रंगत जायचा. ग्रीडी म्हणजे ठिपके एका क्रमाने घ्यायचे आणि प्रत्येकाला, शेजाऱ्यांकडे नसलेला सगळ्यात लहान नंबरचा रंग द्यायचा. ज्युनिअर मुलींना दाखवलं. सगळ्या "वा, मस्त" म्हणाल्या. मग मी सहज कागदावर विचारलं, क्रम क, घ, ख, ग असा घेतला तर किती रंग लागतील? एकजात उत्तर आलं, दोन.

उत्तर आहे तीन. क ला पहिला, घ ला पहिला (ते जोडलेले नाहीत), ख ला दुसरा, आणि ग च्या एका बाजूला दुसरा, दुसऱ्या बाजूला पहिला, म्हणजे त्याला तिसरा. नुसत्या क्रमामुळे परीक्षा एक दिवस लांबली आणि आपण एक दिवस उशिरा घरी! खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं ते मुलींचं नाही, टूलचं. रंग भरायचं सगळं काम कॉम्प्युटरने केलं होतं आणि त्या नुसत्या बघत होत्या. मी स्वतःही वर्षभरापूर्वी असंच फळ्याकडे बघून मान डोलावली होती आणि पेपरात मार खाल्ला होता.

म्हणून दुसरं टूल उलटं केलं. क्रम विद्यार्थ्याने टाइप करायचा आणि प्रत्येक ठिपक्याचा रंगही त्यानेच निवडायचा. शेजाऱ्यांचे रंग सारखे झाले तर मधली रेघ जाड आणि लाल होते. "चूक" असा शब्द कुठे येत नाही. कमीत कमी रंग सांगणारी "क्रोमॅटिक नंबर" ही तयार कमांड सेजमध्ये आहे, पण तिचा चेकबॉक्स मी शेवटी ठेवला. आधी स्वतः करा, मग बघा.

यात दोन गोष्टींनी मला रडवलं. एक म्हणजे, कुठलाही कंट्रोल हलवला की फंक्शन पहिल्या ओळीपासून पुन्हा चालतं. मी ठिपक्यांच्या जागा दिल्या नव्हत्या, त्यामुळे सेज दर वेळी स्वतःच जागा ठरवायचा आणि चित्र टुणकन उडी मारायचं. क डावीकडे होता तो उजवीकडे. मुलींना वाटलं ग्राफच बदलला. प्रत्येक ठिपक्याचे को-ऑर्डिनेट्स हाताने दिल्यावर चित्र शांत बसलं. (म्हणजे एक्स आणि वाय शेवटी आलेच!) दुसरं, आमच्या प्रोजेक्टरवर पिवळा आणि पांढरा सारखेच दिसतात, आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारं कोणीतरी वर्गात असू शकतंच. म्हणून रंगाचा नंबरही ठिपक्यावर छापला. ठिपक्यावर थेट क्लिक करून रंग देणं मात्र या कंट्रोल्सनी जमलं नाही, यादीतून निवडावं लागतं. ते खटकतं.

नवीन टूल दिल्यावर एका मुलीने आपणहून विचारलं, "ताई, असे वाईट क्रम किती आहेत?" चार ठिपक्यांचे क्रम 24. लूप लावून सगळे तपासले, त्यातले 6 क्रम तीन रंग घेतात. सहाही क्रमांत शेवटचा ठिपका ख किंवा ग असतो. का, ते आम्ही दोघींनी मेसच्या रांगेत शोधून काढलं. शेवटच्या ठिपक्याला तिसरा रंग लागायचा तर त्याला दोन शेजारी हवेत आणि दोघेही आधीच वेगवेगळ्या रंगात रंगलेले हवेत. टोकाच्या क आणि घ ला एकच शेजारी, त्यांना तिसरा रंग कधीच लागणार नाही.

आता एक तुमच्यासाठी. तीन मुलगे आणि तीन मुली, 1, 2, 3 नंबरचे. प्रत्येक मुलगा आपल्या नंबरची मुलगी सोडून बाकी दोघींशी जोडा. दोन रंग पुरतात हे उघड आहे. ग्रीडीला तीन रंग लागतील असा क्रम शोधा. मग चार-चार घेऊन चार रंग लागतील असा. पेन्सिल पुरेल, लॅब बंद असली तरी चालेल.