किस्त आणि कूलरखालची भिंत

घर झालं म्हणून सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. आता मी जरा कडू बोलते, ताई आहे, चालवून घे.

नागपुरात लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो आली, एमआयडीसी हाकेवर, म्हणजे हिंगण्याकडचे भाव वाढणारच, असं तुला दहा जणांनी ऐकवलं असेल. वाढतील तेव्हा वाढतील. राहतं घर कोण विकायला काढतं गं? भाव काही आपल्या हातात नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी: मुद्दल फेडणं आणि घर कोरडं ठेवणं.

आधी किस्तीचं बघ. समज, 25 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं मुदत. किस्त पडते 21,700 च्या आसपास. पहिल्या महिन्यात त्यातले 17,700 नुसते व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम चार हजार. पाच वर्षांत तेरा लाख भरून होतात आणि मुद्दल तीन लाखही फिटलेलं नसतं! म्हणून सांगते, दिवाळीचा बोनस आला की सोन्याच्या दुकानात शिरण्याआधी एक जादा किस्त भरून टाक. ती सगळीच्या सगळी मुद्दलात जाते. दरवर्षी एवढंच केलंस तरी कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर आधी पैसे भरायला दंड नसतो. फक्त बँकेला लेखी दे: किस्त तेवढीच ठेवा, मुदत कमी करा.

आणि मुदतीवर नजर ठेव. 2022-23 मध्ये रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, तेव्हा कित्येकांची किस्त तेवढीच राहिली आणि मुदत गुपचूप लांबली. वर्षातून एकदा कर्जाचं स्टेटमेंट काढून उरलेले महिने मोजत जा.

आता घराचं. पहिला चोर पायाखालीच. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं घर सोबत हलवते. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन कोबा करून घे. गच्चीचं पाणी पायाशी सोडू नको. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, तर लगेच पुट्टी मारायची घाई नको. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मार, बाजूला तारीख लिही. पावसाळा सरल्यावर बघ. भेग रेघेपुढे गेली असेल, तर पेंटरला नाही, इंजिनिअरला बोलव.

दुसरा चोर म्हणजे कूलर. उन्हाळाभर खिडकीतल्या कूलरची टाकी भरून वाहते, स्टँडवरून पाणी भिंतीवर ठिबकत राहतं, आणि आत पलंगामागे पोपडे सुटतात. बाहेरून कोणी बघत नाही, आत पलंग कोणी सरकवत नाही. टाकीला बॉलकॉक बसव, सांडणारं पाणी नळीनं लांब सोड. मे महिन्यातच गच्ची झाडून पन्हाळीतला पाला काढ, आणि पिंपळाचं रोप बोटभर असतानाच उपट. या कामांसाठी दर महिन्याला थोडे पैसे वेगळे टाकत जा, म्हणजे मिस्त्रीला बोलवायच्या वेळी हात आखडत नाही.

वर दोन खोल्या काढून वायसीसीई इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना किंवा एमआयडीसीतल्या कामगारांना भाड्यानं द्यायचं तुझ्या मनात आहे ना? काढ की, पण नकाशा मंजूर झाल्यावरच. बिनमंजुरीचा मजला भाडं देईल. पण उद्या बँकेत तारण ठेवायला किंवा विकायला गेलीस, तर त्याची किंमत कोणी धरणार नाही. घरटॅक्सची पावती, मंजूर नकाशा, खरेदीखताची प्रत, सगळं एका फाइलीत ठेव.

कर्ज फिटलं की 30 दिवसांच्या आत बँकेनं मूळ कागद परत द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा नियम आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. हे ध्यानात ठेव, कारण तो दिवस तुला विसाव्या वर्षी नाही, सतराव्या वर्षीच आणायचा आहे. रविवारी जेवायला ये, आणि येताना स्टेटमेंट आण. यंदाची जादा किस्त कुठून काढायची, ते बसून ठरवू.