मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि नवागताचे स्वागत

संगणकावर किंवा मोबाइलवर चालणारी प्रत्येक सोय ही मुळात माणसाने लिहिलेल्या आज्ञांची मालिका असते. या आज्ञांच्या मूळ संहितेला 'स्रोत' म्हणतात. व्यापारी कंपन्या बहुधा हा स्रोत कुलूपबंद ठेवतात. ग्राहकाच्या हाती केवळ तयार वस्तू येते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते कोणीही वाचावे, तपासावे, त्यात बदल करावा व बदललेली प्रत दुसऱ्यास द्यावी, अशी लेखी मुभा त्याच्या परवान्यातच दिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर करीत असलेल्या कामाची वार्ता इतरांना कळवली आणि सूचना मागवल्या. त्या हौसेतून लिनक्स उभे राहिले. आज अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्याशी तेच आहे. म्हणजे पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात ज्याच्या त्याच्या खिशात ते आहे.

अशा प्रकल्पांत काही माणसे पगारी असतात, पुष्कळशी स्वयंसेवक असतात. जुनी माणसे थकतात, नोकरी बदलतात, संसारात गुंततात. नवी माणसे येत राहिली तरच प्रकल्प जगतो. म्हणून प्रत्येक प्रकल्प सांगतो की आमचे दार सर्वांना उघडे आहे. ते खरेही असते. तथापि कागदावर उघडे असणे आणि प्रत्यक्षात आत जाता येणे यांत अंतर असते.

हे अंतर आपल्या रायगड जिल्ह्याला, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याला, कोणी शिकवण्याची गरज नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद खुला झाला. पाणी खुले झाले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह तळ्यावर गेले तो दिवस २० मार्च १९२७ चा. पाण्याचा हक्क आणि सॉफ्टवेअर यांना आम्ही एका मापात तोलत नाही. तसे करणे त्या संग्रामाचा उपमर्द ठरेल. येथे घ्यायचे ते एवढेच की परवानगी आणि प्रवेश या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परवाना पहिली देतो. दुसरी माणसांनाच द्यावी लागते.

याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा येथील लहानशा शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचे छोटे हिरवे-पांढरे संगणक मुलांच्या हाती आले. त्यांतील 'शुगर' ही प्रणाली मुक्तस्रोत होती आणि चालू असलेल्या कार्यक्रमाचा मूळ स्रोत दाखवणारी एक कळही त्या यंत्रावर होती. कल्पना थोर होती. पण कळ दाबली की मूळ दिसते. ते समजले नाही तर कोणास विचारावे, चूक सापडली तर ती कोठे कळवावी, आणि कळवल्यावर कोणी हसणार तर नाही ना, हे कळ सांगत नाही.

नवागताला बसवून घेण्याची रीत पाहायची असेल, तर दूर जाण्याचे कारण नाही. पेण, हमरापूर, जोहे येथील मूर्तींच्या कारखान्यांत जावे. मूर्तीमागील श्रद्धेचा प्रश्न येथे नाही. आम्ही केवळ कारागिरीविषयी बोलत आहोत. तेथे नव्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी कोणी डोळ्यांची आखणी देत नाही. आधी मातीत हात घालावे, साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे लिंपावे, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावे, मग सपाट रंग द्यावा. हे काम हलके असेल, पण खोटे नसते. त्याने घासलेली मूर्तीच बाजारात जाते. शिवाय आखणी करणारा जुना कारागीर त्याच छपराखाली बसलेला असतो. त्याचा हात पाहता पाहता नव्याचा हात तयार होतो.

चांगले मुक्तस्रोत प्रकल्प हेच करतात. 'नवागतासाठी योग्य' अशी खूण करून काही लहान कामे मुद्दाम बाजूला ठेवतात. यात जुन्यांची खरी कसोटी असते. जे काम स्वतः पाच मिनिटांत झाले असते, ते नव्या माणसाला समजावून सांगण्यात तास जातो, आणि त्याने केलेले तपासण्यात आणखी एक. त्या दिवसाचा हिशोब केला तर हा तोटाच आहे. तो सोसण्याची तयारी नसेल, तर स्वागताची पाटी लावू नये हे बरे.

पहिले काम कोडचेच असले पाहिजे, असेही नाही. आचार्यास आणि आचाऱ्यास हे दोन शब्द पाहा. एकास वंदन करायचे, दुसऱ्यास मीठ किती ते विचारायचे! हा भेद दाखवणारे 'ऱ्य' एखादा फाँट नीट उमटवीत नसेल, तर ते मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला प्रथम खुपते. तीच गोष्ट पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांची. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ही रूपे मराठीसाठी प्रमाण मानली. संगणकावर मात्र पुष्कळदा हिंदीत रूढ असलेली रूपे दिसतात. मोठमोठ्या अभियंत्यांना जे दिसत नाही, ते वसतिगृहातील आठवीच्या मुलीला दिसू शकते. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हा लेखन-हिशोबाचा संच मराठीत वापरता येतो, तो अशा भाषा जाणणाऱ्या माणसांनी एकेक वाक्य मराठीत आणले म्हणून. त्यात कोठे अवघड, कृत्रिम शब्द आला असेल, तर तो सुधारण्यास प्रोग्रामिंग यावे लागत नाही. मराठी यावी लागते.

नवागत गमावण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे उत्तर न देणे. दुसरा उपाय, कारण न सांगता नकार देणे. विकिपीडिया हा ज्ञानकोश मीडियाविकी या मुक्तस्रोत प्रणालीवर चालतो. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. तिचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की सद्भावनेने लिहिणाऱ्या नवख्यांचे लेखन वाढत्या प्रमाणात, आणि पुष्कळदा स्वयंचलित साधनांनी, रद्द केले जात होते. नियम गुणवत्तेसाठीच केले होते. नव्या माणसाला मात्र आपले लिहिणे क्षणात पुसले गेले, एवढेच दिसले. पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्याला तर अशा वेळी 'माझी चूक झाली' असे वाटत नाही; 'ही जागा माझी नाही' असे वाटते. त्या दोन वाक्यांत फार अंतर आहे, आणि ते राखणे नकार देणाऱ्याच्या हाती असते. काय चुकले, का चुकले, पुढे काय करावे, अशी तीन ओळींची टिपण पुरते. खोटी स्तुती करू नये. ती मुलांना लगेच ओळखू येते.

बक्षिसांचे काय? ती जपून द्यावीत. 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने योगदाने देणाऱ्यास टी-शर्ट मिळे. २०२० मध्ये टी-शर्टासाठी निरर्थक बदलांचा असा पूर आला की ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचे असेल त्यांनीच तसे कळवावे, असा नियम आयोजकांना करावा लागला. याउलट केलेल्या कामाच्या नोंदीत स्वतःचे नाव कायमचे राहते, ही गोष्ट माणसाला परत आणते.

स्वागत म्हणजे भोळेपणा नव्हे, हेही लिहिले पाहिजे. खारेपाटातील शेतकऱ्याला ठाऊक असते की बांध राखणारे हात कमी झाले की खेकड्याचे बीळही पुरते. भरतीचे पाणी तेथून शिरते आणि खांड पडते. 'एक्सझेड' या जगभर वापरल्या जाणाऱ्या लहानशा मुक्तस्रोत साधनाचा भार मुख्यतः एका थकलेल्या माणसावर होता. एक मदतनीस आला, दोन वर्षांहून अधिक काळ नेटके काम करून त्याने विश्वास मिळवला आणि मग चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश होण्यास अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, म्हणून तो कट उघडकीस आला. यावरून नव्यांना दार बंद करावे असा अर्थ काढणारे आहेत. आम्हांस तो पटत नाही. बांधावर एकच माणूस उरला, हा मूळ दोष होता. चार जण तपासणारे असते, तर चोरवाट घालणे इतके सोपे झाले नसते. आणि ते चौघे कधीतरी नवागत म्हणूनच आले असते.

आपल्या विद्यार्थ्यांकडे स्वतःचा संगणक बहुधा नसतो, याची आम्हांस जाणीव आहे. आरंभ मोबाइलवरही होतो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून सर्वांनी मिळून घडवलेला मुक्त नकाशा आहे. पेण आणि रोहा तालुक्यांतील आपापली वाडी त्यात शोधावी. नाव आहे का, मराठीत बरोबर आहे का, शाळा आणि विहीर दाखवली आहे का, हे पाहावे. चूक आढळल्यास प्रथम तेथे टीप ठेवावी: काय चुकले आहे, बरोबर काय, आणि आपल्याला ते कसे ठाऊक. दोन विद्यार्थ्यांनी मिळून एकेक नोंद तपासावी आणि वरच्या वर्गातील एकाने ती वाचून मगच पाठवावी. उत्तर इंग्रजीत आले, तर ते घेऊन सरांकडे किंवा मॅडमकडे यावे. ते एकत्र बसून वाचू.