खोक्यावरचा ३६००

बंद पडणारा कॉम्प्युटर परवडतो, कारण तो निदान गप्प बसतो. चालता चालता चुकीचं लिहिणारा महागात पडतो. सुरतेच्या बमरोलीत माझ्या भाच्याचं एम्ब्रॉयडरीच्या पंचिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नक्षीची टाक्यांची फाइल बनवण्याचं काम आहे. खानदेशातून आलेल्या आमच्यासारख्या बऱ्याच घरांचं पोट लूम आणि एम्ब्रॉयडरीवर चालतं. पंचिंगचा कॉम्प्युटर मात्र बहुतेक जण सुटे भाग आणून घरीच जोडतात. त्याचाही तसाच: रायझन ५ ३६००, बी ४५० बोर्ड, ३२०० वेगाच्या रॅमच्या दोन ८ जीबी स्टिक. काम वाढलं तसा त्याने आणखी दोन स्टिक टाकल्या. कंपनी वेगळी, खोक्यावर वेगाचा आकडा ३६००.

"मामा, दुपारी निळा स्क्रीन येतो, रात्री येत नाही."

दुकानात विंडोज नव्याने टाकून मिळालं, पैसेही गेले. निळा स्क्रीन मात्र जागेवरच. खरी धडकी नंतर भरली. बॉर्डरची डीएसटी (टाक्यांची) फाइल एम्ब्रॉयडरी मशीनवर चढवली आणि टाके भलत्याच दिशेला पळाले. पार्टीचं कापड वाया. रॅममध्ये एखादा बिट उलटला की सॉफ्टवेअर तो चुकीचा आकडाच इमानेइतबारे डिस्कवर लिहून ठेवतं. हार्ड डिस्क निर्दोष, फाइल खराब.

खोक्यावरचा ३६०० ही त्या स्टिकची ऐपत झाली, तुमच्या मशीनची नव्हे. डीडीआर४ मध्ये प्रमाणित वेग ३२०० पर्यंतच. त्यापुढचा वेग एक्सएमपी, म्हणजे बायोसमधलं जादा वेगाचं तयार सेटिंग, चालू करून मिळतो आणि त्यासाठी व्होल्टेज साधारण १.२ वरून १.३५ वर जातं. रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीने जाहीर केलेला ३२०० हा आकडा दोन स्टिकपुरता आहे. चारही स्लॉट भरले की तोच वेग खाली येतो, कारण मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो. आमच्या मशीनमध्ये चार स्टिक, त्याही दोन जातींच्या, एक्सएमपी चालू, आणि वर सुरतेची एप्रिलमधली पत्र्याखालची दुपार. तापलं की आधीच काठावर असलेलं गणित कोसळतं.

असं कुणाचं झालं तर विंडोजला हात लावण्याआधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा. मग स्टिक २१३३ किंवा २४०० अशा सोशिक वेगाने चालतात. त्रास थांबला तर वेगाची भानगड आहे. नाही थांबला तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दिसली तरी नापास, "एकच तर आहे" ही सबब इथे चालत नाही. लूमच्या रुईची धूळ स्लॉटमध्ये बसते. वीज काढून ब्रशने झटका आणि स्टिकचे सोनेरी पाय खोडरबराने पुसा. एवढ्यावरही काम भागतं, हे मी बघितलंय.

दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. तरी बोर्डाचं पुस्तक उघडून खात्री करा. सीपीयू-झेड प्रोग्राममध्ये वेग १६०० दिसला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती हलवते, म्हणून १६०० म्हणजेच ३२००. डीडीआर५ चा नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा लावल्यावर कित्येक मिनिटं काळा स्क्रीन दाखवतो. तो मेमरी तपासून जुळवत असतो; घाबरून स्विच बंद केला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि सेटिंग इतकी बिघडली की काहीच दिसेना, तर वायर काढून बोर्डावरचा बटनसेल थोडा वेळ बाहेर ठेवा, बायोस मूळ जागी येतं.

खरेदीला जाताना बोर्ड कंपनीच्या साइटवर मेमरीची यादी असते, ती आधी बघा. १६ जीबीच्या दोन स्टिक एकाच सीलबंद खोक्यात घ्या. नंतर जोडीला दुसरी शोधत फिरणं हा स्वस्त वाटणारा महाग सौदा.

भाच्याच्या दोन्ही नव्या स्टिक एकट्या लावल्यावर मेमटेस्टमध्ये पास झाल्या. चारही एकत्र लावल्या की नापास, तेही एक्सएमपी चालू असतानाच. आता चारही २६६६ वर चालतात. पंचिंगमध्ये फरक जाणवत नाही. त्या काळात सेव्ह केलेल्या डिझाइनांचं काम मात्र उरलं आहे. प्रत्येक फाइल आधी कोऱ्या कपड्यावर चालवून बघायची, मगच पार्टीच्या साडीवर.