वणव्याचें बळ कशांत असतें?

फाल्गुन-चैत्रांत रात्रीं डोंगराकडे पाहिलें असतां आगीची लांबच लांब ओळ चढत जातांना आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिली असेल. “एवढा वणवा कशानें पेटला?” असें आम्हीं वर्गांत विचारलें, कीं “कोणी तरी विडी टाकली असेल,” असें उत्तर तत्काळ येतें. उत्तर चूक नाहीं, पण अपुरें आहे. ठिणगी हें आगीचें निमित्त होय. ती जागींच विझेल कीं रौद्र रूप धारण करील, हें पुष्कळ अंशीं अरण्याच्या स्थितीनें आधींच ठरलेलें असतें. तें कसें, हें आपण पाहूं या.

अरण्यांतील जळणाचे तीन थर मानावेत. जमिनीवर वाळका पाला, गवत व काटक्या. त्यांवर झुडपें व कोवळीं झाडें. आणि सर्वांवर मोठ्या वृक्षांचे शेंडे. खालचें जळण बेताचें असल्यास आग जमिनीलगत सरपटत जाते व जाड सालीच्या वृक्षांस फारसा उपद्रव देत नाहीं. मधला थर दाट झाला, म्हणजे मात्र तो शिडीचें काम करितो. ज्वाला शेंड्यांपर्यंत चढतात, आणि मग शेंड्यांवरून धांवणारी आग माणसाला सहसा आवरत नाहीं. जळण ओलें असेल, तर बरीचशी उष्णता पाणी आटविण्यांतच खर्चीं पडते; कोरडें जळण लगेच पेट घेतें. वारा ज्वाला पुढें वाकवितो व निखारे दूर उडवितो. चढावर ज्वाला वरील जळणाच्या निकट येऊन तें आधींच तापवितात. म्हणून डोंगर चढणारा वणवा अधिक वेगवान असतो.

याचा पडताळा अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत आला. तेथें सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर सिकोया नांवाचे प्रचंड वृक्ष आहेत. कांहींचें वय ३,००० वर्षांहून अधिक असून त्यांची साल दोन फुटांपर्यंत जाड असते. पूर्वीं विजेनें लागलेल्या, तसेंच तेथील मूळ रहिवाशांनीं जाणून लावलेल्या लहान आगी वरचेवर येत. त्यांत पालापाचोळा जळून जाई, आणि उष्णतेनें फळें उकलून सिकोयाचें बीज मोकळ्या मातींत पडे. विसाव्या शतकांत प्रत्येक आग विझविण्याचें धोरण आलें. हेतु स्तुत्य होता. परंतु जळण सांचत गेलें व सिकोयांच्या भोंवतीं इतर झाडांची दाटी झाली. पुढें २०१२ ते २०१६ या काळांत मोठा दुष्काळ पडला. कीड व पाण्याचा अभाव यांमुळें राज्यांत दहा कोटींहून अधिक झाडें उभ्या उभ्या वाळलीं. अशा रानांत ऑगस्ट २०२० मध्यें वीज पडून जो वणवा पेटला, त्यांत जगांतील मोठ्या सिकोयांपैकीं शेंकडा १० ते १४ नष्ट झाले, असा अंदाज आहे. अनेक आगी सोसलेले वृक्ष या एका आगीपुढें टिकले नाहींत.

याच्या उलट, जुलै २०२२ मध्यें योसेमिटी उद्यानांतील मारिपोसा राईजवळ वणवा आला. तेथें १९७१ पासून देखरेखीखालीं लहान आगी लावून जळण कमी करण्यांत येत होतें. आग विझविणारांच्या परिश्रमांस या पूर्वतयारीची जोड मिळाली, आणि तेथील पुरातन वृक्ष बचावले.

यावरून कोणीं आपल्या हातानें रानास आग लावूं नये. प्रत्येक अरण्याची प्रकृति निराळी असते, आणि तेथेंही हें काम ओल व वारा पाहून जाणते लोकच करितात. आपल्याकडे वनखातें उन्हाळ्यापूर्वीं जाळरेषा काढितें. म्हणजे ठराविक पट्ट्यांतील गवत व पाला आधींच नाहींसा करितें. वणव्याचें खाद्य तोडावें, हेंच तत्त्व त्यांतही आहे.

विद्यार्थिमित्रहो, सुटींत गांवीं गेल्यावर अशी रेषा दिसली, तर तिच्यावर पालापाचोळा टाकूं नका, आणि आग दिसतांच वडील मंडळींस व वनरक्षकांस कळवा. वणव्याशीं खरी झुंज तो पेटण्यापूर्वींच द्यावयाची असते.