बीच वृक्षाच्या पानावरील काळे पट्टे

रोगट पान तपासायचे म्हणजे आपण ते खुडून त्याची वरची बाजू न्याहाळतो. परंतु एक रोग असा आहे, की तो ओळखण्यासाठी झाडाखाली उभे राहून पानाकडे खालून, आकाशाच्या उजेडात पाहावे लागते. हा बीच वृक्षाचा पर्णरोग होय.

बीच हा थंड प्रदेशातील पानझडी वृक्ष. त्याची साल राखाडी व गुळगुळीत असते. त्याची तिकोनी फळे खाऊन अमेरिकेतील अस्वले, खारी व अनेक पक्षी गुजराण करतात. 2012 साली ओहायो राज्यातील लेक काउंटीत या झाडांच्या पानांवर प्रथमच विचित्र पट्टे दिसले. आता हा रोग अमेरिकेच्या डझनाहून अधिक राज्यांत आणि कॅनडातही पोहोचला आहे.

रोग कसा ओळखावा?

पानाच्या समांतर शिरांच्या मधल्या जागेत गडद हिरवे पट्टे दिसतात. तेथे पान जाड झालेले असल्याने उजेड कमी पार होतो. रोग बळावला की पाने चामड्यासारखी होतात व आक्रसतात, कळ्या मरतात, फांद्या उघड्या पडतात. लहान रोपटी काही वर्षांतच दगावतात.

येथे एक खूण ध्यानात ठेवा. बुरशीचे डाग पान उमलल्यावर पडतात व वाढत जातात. हे पट्टे मात्र वसंतात पान उलगडते तेव्हाच त्यावर असतात. म्हणजे इजा कळीतच झालेली असते!

अपराधी कोण?

बुरशी, जिवाणू, विषाणू या सर्वांवर संशय घेऊन झाला. पानाचे तुकडे रात्रभर पाण्यात ठेवले, तेव्हा त्यातून दोऱ्यासारखे सूक्ष्म जीव बाहेर आले. ते सूत्रकृमी होते. लांबी एक मिलिमीटरहूनही कमी. पण सापडला म्हणजे तोच अपराधी, असे विज्ञान मानत नाही. संशोधकांनी हे कृमी निरोगी रोपांच्या कळ्यांवर सोडले. पुढे उमललेल्या पानांवर तेच पट्टे उमटले. 2020 साली हा पुरावा प्रसिद्ध झाला.

उपाय कोणते?

उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदात हे कृमी ओल्या पानांवरून नव्या कळ्यांत शिरतात आणि हिवाळा तेथेच काढतात. म्हणून फ्लुओपायरम या औषधाची फवारणी त्यांच्या या स्थलांतराच्या सुमारास करतात. लहान झाडांच्या मुळांशी फॉस्फाइटचे द्रावणही घालतात. बागेतील मोजक्या झाडांना हे जमते. अफाट जंगलावर फवारणार कोण? तेथे रोगट भागातील रोपे दुसरीकडे न नेणे आणि तग धरणारी झाडे शोधून जपणे, एवढेच हाती उरते.

करून पाहा

बीच आपल्याकडे नाही, पण सूत्रकृमी आहेत. वांग्याचे किंवा टोमॅटोचे खुरटलेले झाड उपटून मुळे हलकेच धुवा. मुळेच फुगून गाठी झाल्या असतील, तर बहुधा सूत्रकृमींचे काम समजा. शेजारी हरभऱ्याचे मूळ ठेवा. त्याच्या उपयुक्त गाठी नखाने सहज सुटतात. सूत्रकृमींच्या सुटत नाहीत. असे का, याचा विचार करून वहीत उत्तर लिहा.