शस्त्रक्रियेनंतरची रात्र

घरात कोणाची शस्त्रक्रिया झाली की रात्री रुग्णाच्या उशाशी घरचे माणूस बसते, ही आपल्याकडील जुनी रीत. रुग्ण घोरू लागला म्हणजे ‘चला, शांत झोप लागली’ असे म्हणून आपण निश्चिंत होतो. या समजुतीत केव्हा केव्हा मोठा धोका असतो, तो वाचकांच्या नजरेस आणावा एवढाच आमचा हेतू आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या घशाची वाट मुळातच अरुंद असते. ती मिटली की छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. श्वास दहा सेकंद वा अधिक अडतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि मोठा घुरका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो. या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतात.

एरवी मेंदूची ही जागच माणसाला तारते. परंतु शस्त्रक्रियेनंतर भुलीचा अंमल काही काळ रेंगाळतो, आणि वेदना शमविण्यासाठी दिलेली मॉर्फीनसारखी औषधे श्वासाची प्रेरणा मंद करतात. राखणदारच पेंगला, तर दार कोण उघडणार?

बोटाला लावून प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडली. ते यंत्र मोठे उपकारक आहे. मात्र नाकाला प्राणवायूची नळी असता आकडा चांगला दिसतो आणि मंद श्वासामुळे रक्तात कर्बवायू साठत असतो, असेही घडते. म्हणून आकड्याबरोबर श्वासही मोजावे लागतात.

आता आपले कर्तव्य. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे, दिवसा पेंग येणे, रक्तदाब, स्थूलपणा, जाड मान यांपैकी जे असेल ते शस्त्रक्रियेपूर्वीच भूलतज्ज्ञांस सांगावे. घरी श्वासाचे यंत्र वापरात असल्यास ते रुग्णालयात बरोबर न्यावे. डॉक्टरांची संमती असेल तर रुग्णास उताणे न निजविता डोके उंच किंवा कुशीवर ठेवावे. झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नये. श्वास थांबलेला दिसला, ओठ निळसर झाले किंवा हाक मारूनही रुग्ण जागा होईना, तर त्याला हलवून जागे करीत तत्काळ परिचारिकेस बोलवावे. हा धोका पहिल्याच रात्री संपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीही सावध असावे.

‘झोपमोड कशाला करावी’ असा संकोच अशा वेळी धरू नये. झोप पुन्हा लागेल.