गटातील संदेशांच्या खुणा कशा वाचाव्यात?

कपाशीच्या हंगामात गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फवारणीचे संदेश दिवसभर येत असतात. "साहेब, हा सगळीकडे फिरतोय, फवारू का?" असे मोबाइल पुढे धरून विचारणारे पुष्कळ भेटतात. संदेश किती फिरला आणि तो किती खरा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पाठविलेल्या संदेशाखाली एक टिक आली म्हणजे तो आपल्या मोबाइलवरून गेला. दोन करड्या टिका म्हणजे पोहोचला आणि निळ्या झाल्या म्हणजे उघडला गेला. गटात मात्र सर्व सभासदांना पोहोचल्याशिवाय दुसरी टिक येत नाही व सर्वांनी उघडल्याशिवाय टिका निळ्या होत नाहीत. एकाचा मोबाइल बंद असला तरी सगळ्यांनी दुर्लक्ष केल्यासारखे वाटते. अशा वेळी आपला संदेश दाबून धरून 'माहिती' पाहावी; कोणी वाचला, कोणाला नुसता पोहोचला, ही नावे तेथे मिळतात. गारपिटीचा इशारा असेल तर राहिलेल्यांना सरळ फोन करावा. निळी टिक आली तरी समोरच्याने मजकूर समजून घेतला असे धरू नये. कित्येक जण संदेश उघडतात आणि बैल सोडायला निघून जातात!

संदेशावर दोन बाणांची खूण व 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असे शब्द दिसल्यास तो मूळ पाठविणाऱ्यापासून पाच किंवा अधिक हातांतून आलेला असतो. २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठविता येतो. ही खूण खरेपणाची नव्हे. उलट, सल्ला मुळात कोणी दिला हे आता सापडणे कठीण, असे समजावे.

गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा निर्णय स्वतःच्या शेतातील कामगंध सापळे पाहून घ्यावा. सलग ३ रात्री प्रति सापळा ८ पतंग, किंवा १० टक्के फुले वा बोंडे किडलेली आढळल्यासच औषध घ्यावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. तेव्हा दोन-तीन औषधे एकत्र करण्यास सांगणारा अनोळखी संदेश कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखविल्याशिवाय पंपात औषध ओतू नये. संदेशात तारीख आहे का, हेही पाहावे. बरेचदा मागील वर्षाचाच मजकूर पुन्हा फिरत असतो आणि त्यातली पिकाची अवस्था आपल्या शेतात अजून आलेलीही नसते.